बिनतिकीट गवत

भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. फाटकाशी अडवून त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, पँट झटका. बूट आपटा. मग आत या."

मी पँट झटकली, बूट आपटले. त्यासाठी फाटकाशी एक शहाबादी फरशी मुद्दाम टाकलेली होती. तिच्यावर जे काही पडलं ते त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, वाकून तपासलं. चिमटीत काहीतरी बारीक काळं उचललं आणि खिशातल्या काडेपेटीत टाकलं.

"बिनतिकीट," ते म्हणाले. "पालमच्या स्टँडामागनं आलाव ना? तितं लय हाय."

ते गाजरगवताचं बी होतं. हा माणूस थोडा सटकलेला आहे, असं माझं तिथंच मत झालं. पुढं तीन पावसाळे मी त्यांच्या घरात काढले, पण ते मत काही बदललं नाही. एवढंच झालं की सटकण्याचं कारण कळलं, आणि शेवटी शेवटी मीही त्यांच्याबरोबर सटकलो.

गाव पालमच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्याला उतरून मैलभर आत. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात नवा नवा लागलो होतो. माझं खरं पद पशुधन पर्यवेक्षकाचं, पण गावात गाईला सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टरच असतो. घरमालक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. अख्खं गाव त्यांना तोंडावरही कंडक्टरच म्हणायचं. मी काका म्हणायचो.

नोकरी सुटली होती, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. दारात एक पितळी घंटी टांगली होती आणि तिची दोरी वाशांखालून थेट त्यांच्या बाजेपर्यंत आणलेली होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. मी सकाळी आवरून बाहेर पडायला लागलो की एक घंटी व्हायची. मग चहा. चहा झाला की दोन घंट्या. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मी काही त्यांच्या गाडीतला प्रवासी नव्हतो. पण महिन्याभरात अशी वेळ आली की दोन घंट्या झाल्याशिवाय माझाच पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

अंतर ते किलोमीटरात सांगत नसत, टप्प्यात सांगत. दवाखाना अर्धा टप्पा, राणीसावरगाव इतके टप्पे, परभणी तितके. माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, तिकीट काढलेले आणि न काढलेले. न काढलेल्यांना पकडायची त्यांची रीत अशी, की पकडायचंच नाही.

"मी कुनाची कॉलर धरलो न्हाई," ते अभिमानानं सांगत. "बिनतिकीट माणूस चढला की मला त्याच्या मानेवरनं कळायचं. मी काय करायचो, नुसता त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचो. बोलायचं न्हाई, बगायचं न्हाई. दोन टप्प्यात त्याचा हात आपसूक खिशात जातो."

"आणि नाही गेला तर?"

"जातो, डॉक्टर. टाइम लागतो."

गाजरगवताच्या बाबतीत मात्र त्यांनी ही दया कधी दाखवली नाही. "हे इतलं न्हाईच. परदेशातनं गव्हाच्या पोत्यात बसून आलं म्हनं. कुनाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. सीट धरून बसलं आन् आता बसलेल्यांनाच उठवायलंय."

उठवलं होतं ते त्यांच्याच घरातल्या माणसाला. काकूंना त्या गवताचं वारं सहन होत नव्हतं. त्याला पांढरी फुलं आली की त्यांची मान, कानांच्या मागं, कोपरांच्या वळ्या लाल होऊन सुजायच्या, डोळे उघडायचे नाहीत आणि छातीत शिट्ट्या वाजायच्या. परभणीच्या डॉक्टरांनी पाठीवर कसल्या कसल्या चिकटपट्ट्या लावून पाहिल्या आणि सांगितलं, या गवतापासून लांब राहा, दुसरं औषध नाही. आता गावात राहून लांब राहायचं म्हणजे कुठं? घराच्या पश्चिमेला गायरान, फाट्यावरून घरी यायची वाट त्या गायरानातूनच, आणि पावसाळ्यात वारं येतं तेही तिकडूनच. गायरान नावाला उरलेलं. कमरेइतकं गाजरगवत आणि त्यात मान खाली घालून तोंडात धरण्याजोगं काहीतरी शोधणाऱ्या गाई. म्हणून आषाढ लागला की काकू परभणीला लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जायच्या, त्या दिवाळी होऊन गवत वाळलं की परत यायच्या. मी राहायला गेलो तेव्हा असं सहा वर्षं चाललेलं होतं.

आमच्याकडं भादव्यात महालक्ष्म्या बसतात तो घरातल्या बाईचा सण असतो. बाकी सगळे नुसते हाताखालचे. काकूंनी सहा वर्षांत स्वतःच्या घरात महालक्ष्म्या बसवल्या नव्हत्या. गावातलं सगळं गवत निघणार नाही एवढं भान काकांना होतं. त्यांना एकच टप्पा मोकळा हवा होता, फाटा ते घर. काकूंनी भादव्यात एस.टी.तून उतरावं, चालत घरी यावं आणि आपल्या हातानं महालक्ष्म्या बसवाव्यात, एवढं एकच त्यांना हवं होतं. त्यापायी ते गावाच्या चेष्टेचा विषय झाले होते.

रोज संध्याकाळी फोनवरून काकूंना रस्त्याचा अहवाल जायचा. "फाटा ते मारुती, क्लिअर. मारुती ते कडुलिंब, गर्दी हाय. कडुलिंब ते घर, उभं राहायला जागा न्हाई." फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळं काकूंचं बोलणं मलाही ऐकू यायचं.

"तुमी जेवलाव का ते सांगा आदी," त्या म्हणायच्या. "गवताचं मला काय सांगायलाव?"

पण एखाद्या दिवशी काका अहवाल द्यायला विसरले तर त्याच विचारायच्या, मारुतीपाशी काय हाल आहेत म्हणून.

पहिल्या वर्षीच्या महालक्ष्म्या मी विसरू शकत नाही. दिवस मावळताना दवाखान्यातून आलो, तर दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढलेली होती आणि काका उंबऱ्याबाहेर मुखवटा हातात घेऊन उभे होते. रीत अशी की घरची बाई मुखवटा घेऊन उंबऱ्याशी थांबते, आतून कुणीतरी विचारतं, कोण आलं? ती सांगते, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलानं? सोन्याच्या पावलानं. मग ती आत येते. इथं बाहेर काकू नव्हत्या आणि आत कुणीच नव्हतं. काकांनी मुखवटा पाटावर ठेवला, आत गेले, आतून खणखणीत विचारलं, "कोण आलं?" मग लगबगीनं बाहेर आले, मुखवटा उचलला आणि सांगितलं, "महालक्ष्मी आली." पुन्हा मुखवटा पाटावर, पुन्हा आत. "कशाच्या पावलानं?" पुन्हा बाहेर. सगळं झाल्यावर घंटीची दोरी दोनदा ओढली, तेव्हा कुठं पहिली महालक्ष्मी घरात गेली. दुसरी अजून बाकी होती.

मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. "काका, मी आतून विचारू का?"

"नको," ते म्हणाले. कपाळावरून घाम ओघळत होता. "काकूची ड्युटी हाय ही. मी बदली कामगार. बदलीवर आनखी बदली देत न्हाईत."

साड्या मात्र त्यांनी सुरेख नेसवल्या होत्या. एकेक निरी तिकिटांच्या गड्डीसारखी बसवलेली. मी तसं म्हणालो तर ते लाजले.

नोकरीत होते तेव्हापासूनच त्यांचे हे उद्योग सुरू होते. तरोटा, म्हणजे टाकळा, जिथं दाट उगवतो तिथं तो गाजरगवताला वर येऊ देत नाही, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं. झालं, तेव्हापासून पिशवीत तरोट्याचं बी. तिकिटं फाडून झाली की खिडकीशी बसायचं आणि मूठमूठ बी रस्त्याच्या कडेला सोडत जायचं. एकदा मागच्या सीटवरच्या बाईनं हात जोडून हळूच विचारलं, "कुनाच्या अस्थी हायत, दादा?"

"आजून मेलं न्हाई, बाई," काका म्हणाले. "मारायलोय."

तरोट्यावरून आमचं वाजायचंसुद्धा. जनावर त्याला तोंड लावत नाही, मग गायरानात एक निरुपयोगी झाड काढून दुसरं लावायचं कशाला, असं माझं म्हणणं. "जनावर खात न्हाई, पर माणूस भाजी करून खातंय ना," काका म्हणायचे. "कुनाच्या तरी पोटात जायलंय. याचं काय हाय?" आणि त्या दिवशी आमच्या ताटात बहुतेक तरोट्याचीच भाजी असायची.

शाळेतल्या झेंडावंदनाचा किस्सा तर गावात अजून सांगतात. तालुक्याहून कुणी मोठे पाहुणे येणार होते. गावात फुलवाला कुठला? मग शिक्षकांनी दोन गुलाब मिळवले आणि भोवती शाळेमागची बारीक पांढरी फुलं लावून गुच्छ बांधला. दिसायला अगदी शहरातल्या गुच्छासारखा. पाहुण्यांनी तो स्वीकारला, टाळ्या झाल्या आणि पहिल्या रांगेतून काका उठले.

"साहेब, एक मिनिट. लगेज तपासायचं हाय."

पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. काकांनी गुच्छ घेतला, त्यातली पांढरी फुलं एकेक करून काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली आणि दोन गुलाब परत दिले. "हात साबनानं धुवा," एवढं सांगून जागेवर येऊन बसले. पाहुण्यांनी सगळं भाषण ते दोन गुलाब हातात धरून केलं. ते गाजरगवत होतं हे निम्म्या शाळेला तेव्हा कळलं. मुख्याध्यापक पुढं महिनाभर काकांना बघून रस्ता बदलत होते.

गवत उपटायला ते रोज सकाळी निघत. जुन्या खाकी गणवेशाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, पायांत मोजे आणि हातांना बांधलेल्या दुधाच्या पिशव्या. पिशव्या फाटायच्या आणि त्यांचेही हात खाजून लाल व्हायचे. मला बघवेना. मी त्यांना दवाखान्यातले हातमोजे आणून दिले. गाईंना कृत्रिम रेतन करताना आम्ही घालतो ते, पातळ प्लॅस्टिकचे, खांद्यापर्यंत येणारे. ते चढवून काकांनी दोन्ही हात हवेत हलवून बघितले आणि इतके खूश झाले की त्या दिवशी मला दोन घंट्या द्यायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा दवाखान्यात आला. हा गावातली गुरं राखायचा, स्वतःच्याही चार गाई होत्या, आणि माझं त्याच्याशिवाय पान हलत नसे. गंभीर चेहरा करून त्यानं विचारलं, "डॉक्टर, कंडक्टर गायरानात गवताला गाभन करायलेत का?"

दुसऱ्या वर्षी आषाढात काका पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले. प्रवासात त्यांच्याजवळ तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी असायची. पेट्या भंगारात निघाल्या तेव्हा त्यांनी आपली मागून घेतली होती आणि तिच्यात ते भाकरी ठेवत. त्या दिवशी भाकरी कुत्र्याला घालून त्यांनी पेटीत भलतंच काहीतरी आणलं. माझ्यासमोर झाकण किलकिलं केलं. आत ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, दुधी रंगाचे, पाठीवर तपकिरी पट्टे असलेले किडे हिंडत होते.

"तितं रोडच्या कडंला गाजरगवताची पार चाळनी केलेत यांनी," ते कुजबुजले. "नरसिंहानंच दाखवलं म्हना."

मी ते कुठल्याशा प्रशिक्षणात बघितले होते. मेक्सिकन भुंगे. गाजरगवताच्याच मुलखातले, आणि त्याच्यावरच जगणारे. मी हे सांगितलं तसं काकांचा चेहरा उजळला.

"म्हंजे तितलाच तिकीट चेकर," ते म्हणाले.

तेव्हापासून भुंग्यांचं नाव चेकर. काकांनी पोखर्णीच्या खेपांवर खेपा केल्या. एका गाडीत कंडक्टरला पेटी उघडून दाखवली आणि जिवंत लगेज आहे म्हणून हट्टानं अर्धं तिकीट फाडायला लावलं. ते तिकीट पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. चेकर त्यांनी गायरानातल्या कडुलिंबांखाली सोडले, कारण तिथं गवत सगळ्यात दाट. दुपारची गुरंही तिथंच सावलीला बसत. श्रावण निम्मा होईपर्यंत कडुलिंबांपासून आमच्या घरापर्यंतच्या गवताच्या नुसत्या काड्या उरल्या. मी रोज बघत होतो तरी मला ते खरं वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळचा अहवाल मला आठवतो. "मारुती ते कडुलिंब, मी सोता काढलो. कडुलिंब ते घर, चेकर चढलेत. फूल एक न्हाई."

मग काकूंनी विचारलं, "मग या वर्षी येऊ का मी?"

"या," काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला. काकू जेवल्या का हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही जड जातं. महालक्ष्म्यांना पंधराएक दिवस राहिले होते. काका काकूंना लागणारं सामान बघायला परभणीला गेले होते, आणि ज्ञानोबा धावत दवाखान्यात आला. त्याच्या दोन गाई तापानं फणफणल्या होत्या, गावातल्या आणखी तीन-चार गाईंनी चारा सोडला होता. गोचिडांचा ताप. उपचार केले, पण नुसत्या सुया टोचून भागत नाही, गोचीड मारावे लागतात. गाईंवर औषध मारलं, गोठ्यांत मारलं. मग मला सुचलं की गुरं दुपारी बसतात ती जागाही गोचिडांनी भरलेली असणार. पाठीवर पंप घेतला आणि कडुलिंबांखालची सगळी जमीन, बुंधे, आजूबाजूचं गवत मी स्वतःच्या हातानं भिजवून काढलं. चोख काम झालं म्हणून माझी मलाच शाबासकी दिली. त्या औषधाला गोचीड कोणता आणि चेकर कोणता हे कळत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कडुलिंबाखाली उकिडवे बसलेले दिसले. शेजारी पेटी उघडी. उताणे पडलेले चेकर ते एकेक उचलून पेटीत ठेवत होते.

"पाखरांनी मारले म्हनावं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तर खाल्ले कामून न्हाईत?"

दवाखान्याला उशीर होतोय असं काहीतरी पुटपुटून तिथून सटकलो. आठवड्याभरात त्या काड्यांना पालवी फुटली. बारा-तेरा दिवसांत पांढरे ठिपके दिसायला लागले. काकांनी फोन केला तेव्हा मी माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं, तरी ऐकू आलंच.

"या वर्षी राहू द्या," ते म्हणाले. "कडुलिंबापाशी परत गर्दी झाली."

"बरं," काकू म्हणाल्या. "निऱ्या बारीक घ्या. मागल्या वर्षी फोटूत जाड दिसल्या." त्यांची पिशवी भरून झाली होती, हे मला नंतर कळलं.

ते पंधरा दिवस काका सारखे माझ्या आसपास असायचे. मी गाईला सलाईन लावत असलो की बाजूला येऊन उभे. चहा पीत असलो की बाजूला उभे. फाट्यावर गाडीची वाट बघत असलो तरी बाजूला उभे. बोलत नसत, बघत नसत. त्याचा अर्थ मला कळला नाही असं मी म्हणू शकत नाही. मी भ्यालो होतो. त्यांच्या नजरेतून उतरायची मला धास्ती वाटत होती, दुसरं काही नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवशी ते निऱ्या घालत बसले होते. मी दारात उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. "काका, कडुलिंबाखाली औषध मी मारलं. गोचिडांचं. चेकर माझ्यामुळं मेले."

त्यांनी हातातली निरी पूर्ण केली, पिन लावली. "पंधरा दिवस लागले, डॉक्टर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी घराकडं येताना कडुलिंबापाशी वास आला. आख्ख्या नोकरीत लोकांच्या पिशव्यातलं फवारनीचं औषध वासावरनं वळखून खाली ठिवायला लावलोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"ज्ञानोबाच्या गाई वाचल्या का?"

"वाचल्या."

"मग तेवढं तुमचं तिकीट व्हतं की. सांगितलाव न्हाई, तेवढंच बिनतिकीट." त्यांनी पदराची घडी खांद्यावर बसवली आणि मुखवटा उचलला. "आता दंड भरा. आत जा आन् आतून इचारा."

मी आत गेलो. "कोण आलं?" मी विचारलं. बाहेरून त्यांनी शांतपणे सांगितलं, महालक्ष्मी आली.

दुसऱ्या दिवसापासून मी हातमोजे घालून त्यांच्याबरोबर जायला लागलो. ज्ञानोबाला सगळं सांगितल्यावर त्यानं गुरांची दुपारची बसायची जागा ओढ्याकडच्या चिंचांखाली हलवली आणि तेव्हापासून थट्टाही बंद केली. पुढच्या आषाढात एका सकाळी मी बूट पायात अडकवतोय तोच एक घंटी झाली. काका अंगणात हाताची मूठ मिटून उभे होते. मूठ उघडली तर तळहातावर एक चेकर. औषध मारलं त्या दिवशी जे जमिनीखाली खोल दडी मारून होते ते वाचले होते, आणि मातीतून वर आले होते. आम्ही दोघं तिथं उभं राहून वेड्यासारखे हसलो.

त्या दिवाळीनंतर माझी बदली झाली. पण त्याआधी भादवा आला.

फाट्यावर आम्ही दोघं उभे होतो. गाडी थांबली, काकू उतरल्या. नाकातोंडावर पदर गच्च धरलेला. गाडी गेली. काका पुढं, काकू मधे, पिशवी घेऊन मी मागं. मारुतीपर्यंत पदर तसाच होता. मारुतीला हात जोडायचे तर तो सोडावा लागला. नमस्कार झाल्यावर त्यांनी तो पुन्हा वर घेतला नाही. काका वळून वळून त्यांच्या मानेकडं बघायला लागले.

"काय बगायलाव?" काकूंनी विचारलं.

"काई न्हाई."

"म्होरं बगून चाला. पडताव की."

गवत संपलं होतं असं नाही. ओढ्यापलीकडं ते तसंच दाट होतं. पण वाटेच्या दोन्ही अंगांना तरोटा होता, चरण्याजोगं गवत होतं, आणि कडुलिंबाखाली नुसत्या काड्या. काकू एका काडीपाशी वाकल्या. "हेच का तुमचे चेकर? आंगात पट्ट्यापट्ट्याचा शर्ट हाय की." बोलताना त्यांना दम लागला नव्हता, हे काकांच्याही लक्षात आलं आणि माझ्याही.

फाटकाशी काकांनी त्यांना थांबवलं. "साडी झटका."

"माज्याच घरात मला?"

"नियम सगळ्याला सारका हाय."

काकूंनी साडीचा घोळ झटकला, चपला आपटल्या. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फरशी इकडून तिकडं तपासली. बराच वेळ तपासली. "काई न्हाई," ते म्हणाले, आणि लवकर उठलेच नाहीत.

दिवस मावळताना काकू मुखवटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. काका आत, हातात घंटीची दोरी. मी अंगणात.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

आता दोन घंट्या व्हायच्या आणि काकूंनी आत पाऊल टाकायचं. घंटी काही वाजेना. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आवं, घंटी द्या की," काकू म्हणाल्या. "हात अवघडले माजे."

मग दोन घंट्या झाल्या. काकू रांगोळीच्या पावलांवरून आत गेल्या. दुसरा मुखवटाही घेऊन गेल्या. दोघी महालक्ष्म्या जागेवर बसल्या, तशा काकू काकांनी घातलेल्या निऱ्या सोडवून पुन्हा घालायला लागल्या. मी चपला घालून माझ्या खोलीकडं निघालो, तेवढ्यात घंटी वाजली. एकदा. सवयीनं मी थांबलो, वळून बघितलं. ती माझ्यासाठी नव्हती. काका दोरी हातात धरून काकूंकडं बघत उभे होते, आणि ती त्यांनी दुसऱ्यांदा ओढली नाही.